शेजार आणि उपकार

१ सप्टेंबर २०२४, रविवार

रात्रभर पाऊस. नागपूरची सकाळची गाडी उशिरा धावते आहे असं कळलं, तेव्हा उपासनेला जायचा बेत सोडला. सिंदीत आमच्या ख्रिस्ती लोकांची घरं मोजकी. रविवार पाळायचा तर नागपूर गाठायचं नाही तर वर्धा. घरीच स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली आणि ड्रेसिंगचा डबा घेऊन शेजारी गेले.

शेजारच्या आजींची जखम डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी आहे. साखरेची जखम, तिच्यापुढे घाई चालत नाही. जुनी पट्टी सुकून चिकटलेली असते. तिच्यावर सलाइन सोडायचं, गप्पा मारत बसायचं, मग ती आपोआप सुटते. ओढली तर खालचं नवीन लाल मांस सोलून निघतं आणि आठवड्याची कमाई वाया जाते. आज काठ गुलाबी दिसले. मी खूश, आजी नाराज. कारण उद्या पोळा आणि मी त्यांना तोरणापर्यंत चालू देत नाही.

अंगणात त्यांचा मुलगा बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होता. घरात एकच जोडी उरली आहे, बाकीचं काम ट्रॅक्टर करतो. मी पट्टी बांधत असताना आजींनी विचारलं, "सिस्टर, तुमी पैसे काहून घेत नाही? चर्चवाले देते का तुमाले याचे?"

"नाही आजी. शेजारी राहते म्हणून करते."

"असं कोणी करते का बाप्पा?"

पटलं नव्हतं त्यांना. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली. सरकारचा पगार घेत होते तेव्हाही हा प्रश्न ऐकत होते, त्यामुळे राग आला नाही. पण तो प्रश्न घरी आल्यावरही डोक्यात राहिला.

३ सप्टेंबर, मंगळवार

तान्हा पोळा. आमच्या गावाचा हा खरा सण. मोठा पोळा सगळीकडेच असतो, लाकडी बैलांचा पोळा बघायला मात्र लोक सिंदीला येतात. शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे. हातात मावणाऱ्या बैलापासून चौघांनी ओढायच्या बैलापर्यंत सगळे रस्त्यावर. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पायांखाली चाकं.

आजींचा नातू बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायला दारात आला. बैलाचं मागचं चाक निखळलं होतं, पोरगं रडायच्या बेतात. चिकटपट्टीचा वेढा देऊन चाक आसावर बसवलं, वरून बँडेजची घट्ट गाठ मारली. "सिस्टरआजी, याले इंजेक्शन नको देऊ," एवढं बजावून तो बोजारा घेऊन पळाला.

आम्ही मिशन कंपाउंडात वाढलो. तिथं पोळ्याला मुलांना फाटकाबाहेर सोडत नसत. मोठ्यांना मूर्तिपूजेची धास्ती होती आणि त्यामागे कारणही होतं: धर्म बदलल्यावर भाऊबंदांनी ज्यांची विहीर तोडली, वाटा तोडल्या, त्यांना कंपाउंडाच्या भिंतीनंच आसरा दिला होता. पण ती भिंत दोन्हीकडून उंच होत गेली. आमच्या आईला आयुष्यात एकही हिंदू मैत्रीण नव्हती. तरी बाहेरच्यांसाठी ती रोज प्रार्थना करायची. ज्यांच्या चुलीवर काय शिजतं हे माहीत नाही त्यांच्या तारणाची काळजी करायची, हे तेव्हा आम्हाला विचित्र वाटत नसे.

४ सप्टेंबर, बुधवार

स्टीफन हिस्लॉप यांचा स्मृतिदिन. नागपुरातही कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही. हिस्लॉप कॉलेजचं नाव तेवढं सगळ्यांच्या तोंडी आहे. १८४५ साली हा स्कॉटिश मिशनरी नागपूरला आला आणि पुढच्या वर्षी त्यानं शाळा काढली. १८६३ च्या ४ सप्टेंबरला तो टाकळघाटला गेला होता. म्हणजे आमच्याच बाजूला, बोरखेडी-बुटीबोरीच्या शिवारात. तिथली जुनी शिलावर्तुळं बघायला इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल आले होते, त्यांच्याबरोबर. संध्याकाळी बोरीच्या मुक्कामी परतताना पुराच्या पाण्यात घोडा गेला आणि हिस्लॉप बुडाले.

मला त्यांच्या प्रवचनांपेक्षा त्यांची पडशी जास्त आवडते. गावोगाव फिरताना दगड गोळा करायचे, जीवाश्म बघायचे, परधान गायकांकडून गोंडांची गाणी ऐकून उतरवून घ्यायची. गोंडांबद्दलचे त्यांचे कागद टेंपलनी पुढं १८६६ मध्ये छापले म्हणून टिकले. जो माणूस तुमचं गाणं पुन्हा म्हणायला लावतो, अडलेला शब्द विचारतो, त्याला तुम्ही बसायला घोंगडी टाकता. धर्मांतरं किती झाली याचा हिशेब मांडला तर हिस्लॉप यांची खतावणी बारीकच भरेल. गाण्यांची मात्र भरघोस आहे.

८ सप्टेंबर, रविवार

आज गाडी वेळेवर. उपासनेनंतर सगळ्यांना एक छापील तक्ता वाटला. चर्चला न येणाऱ्या तीन ओळखीच्यांची नावं लिहायची. पुढे रकाने: प्रार्थना सुरू केल्याची तारीख, मैत्री केली का, घरी बोलावलं का, साक्ष दिली का, नाताळच्या उपासनेला आणणार का. तरुण पास्टर आहेत, तळमळीचे आहेत. "नुसतं आपल्याआपल्यात किती दिवस राहायचं?" असं त्यांनी विचारलं ते खरंच आहे. पण "मैत्री केली का" या रकान्यात बरोबरची खूण करायची, हे वाचून माझ्या शेजारच्या बाईंना हसू फुटलं आणि मलाही.

परतीच्या गाडीत टिळकांची आठवण आली. लोकमान्य नव्हेत, आमचे रेव्हरंड, नारायण वामन. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला याच लोहमार्गाच्या पुढच्या टप्प्यानं चालले होते. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. बोलणं निघालं ते काव्यावर. निरोप घेताना त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. आमच्या सभांतून ही गोष्ट नेहमी सांगतात आणि भाकितावर संपवतात. टिळकांनी ते पुस्तक नेऊन स्वतः वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, दोन वर्षं झगडले, हा भाग घाईत उरकतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर त्यानंतर कितीतरी काळ दूर राहिल्या. परत आल्या तरी सोवळं सांभाळूनच, आणि बाप्तिस्मा घेतला तो थेट १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं, त्या बाईला कुणी ढकलून कुठंच नेऊ शकलं नसतं.

आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी एकत्र. दीड-दोन वर्षांत ते गेले आणि दरबारही विरला. त्या दरबारात तक्ता कसा भरला असता?

११ सप्टेंबर, बुधवार

आजींकडे महालक्ष्म्या जेवल्या. सकाळीच सून सांगून गेली होती, "सिस्टरबाई, जेवाले याच लागते."

आमच्यात या विषयावर दोन मतं. नणंद असल्या घरी पाण्याशिवाय काही घेत नाही. मूर्तीपुढचं अन्न घेऊ नये, असं तिचं म्हणणं. पौलानं करिंथकरांना याच प्रश्नावर लिहिलं आहे. मूर्ती काही नसते, पण दुसऱ्या विश्वासणाऱ्याचं मन दुखावत असेल तर जपा, असा त्याचा रोख. मी मागे सरळ जेवून घ्यायचे. नणंदेसमोर मात्र टाळायचे.

आज बसले तर सुनेनं माझं ताट वेगळं आणून ठेवलं. पुरणपोळी, कढी, वडे, सोळा भाज्यांची एक भाजी, आंबील, सगळं. हळूच म्हणाली, "तुमचं नैवेद्य दाखवायच्या आधीच काढून ठेवलं. तुमच्यात चालत नाही ना, म्हणून."

हे तिला कुणी सांगितलं होतं? मी तर कधी बोलले नव्हते. माझ्या धर्माची माझ्यापेक्षा जास्त काळजी त्या पोरीनं घेतली. पहाटेपासून चुलीपाशी उभी, बायकांची गर्दी, सोवळ्याचा घोळ, आणि त्यात लक्षात ठेवून एक ताट बाजूला. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या जेवणाला असं कुणाचं वेगळं ताट काढल्याचं मला आठवत नाही. मटण न खाणारा पाहुणा आला तर त्याला केक आणि केळं देऊन मोकळे होतो.

२ ऑक्टोबर, बुधवार

सेवाग्रामला जाऊन आले. आज तिथं गर्दी असते, तरी आवडतं. माझ्यासारख्या नर्सला तिथं अमृत कौर यांची आठवण येतेच. देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री. वडील ख्रिस्ती झालेले, त्या स्वतः ख्रिस्ती, आणि बापूंच्या चिटणीस म्हणून इथं राहिलेल्या. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा, तेही ख्रिस्ती. त्यांनी ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर तुरुंगात पुस्तक लिहिलं. १९३६ मध्ये जॉन मॉट हा जगभरच्या मिशन चळवळीचा मोठा पुढारी इथं, तेव्हाच्या शेगावला, आला आणि गांधींशी दीर्घ बोलला. आदल्या वर्षी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केलेली, सगळ्या धर्मांची नजर त्यांच्या लोकांवर. गांधींचा आक्षेप रोखठोक होता: दुबळ्याच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला धर्म देऊ नका.

या जिल्ह्यातल्या आणखी एका ख्रिस्ती माणसाचं नाव कुणी घेत नाही. एस. के. जॉर्ज, वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातले प्राध्यापक, मूळचे केरळचे. गांधींनी ख्रिस्ती धर्मापुढं ठेवलेल्या आव्हानावर त्यांनी १९३९ साली पुस्तक लिहिलं. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली, तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशातच होता, त्या समितीत हे जॉर्ज सदस्य होते. १९५६ चा तिचा अहवाल मिशनच्या शाळा-दवाखान्यांवर तुटून पडला: सेवा म्हणून दाखवतात, धर्मांतरासाठी वापरतात. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. अहवालाचं नाव काढलं की ते ताट सरकवून उठायचे. जॉर्ज यांना तर ते घरभेदीच म्हणत.

वडिलांचा संताप मला समजतो. प्लेगात, कुष्ठरोगात ज्यांच्याजवळ कुणी जात नव्हतं त्यांना त्या दवाखान्यांनी उचललं, आणि अहवालानं त्या हातांवर संशय घेतला. समितीनं पुष्कळ ठिकाणी ऐकीव गोष्टींना साक्ष मानलं, असंही माझं मत आहे. पण सगळी नोकरी खाटेजवळ काढल्यावर जॉर्जही समजतात. पोटात कळ आलेला माणूस नर्सच्या कोणत्याही बोलण्याला हो म्हणतो. त्या होकाराला काही किंमत नसते, आणि ख्रिस्ताला तो नको असावा. आजी पोळ्याच्या आदल्या दिवशी विचारत होत्या ते हेच, नियोगींपेक्षा थोडक्यात.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सकाळपासून स्टेशनवर पांढरे कपडे आणि निळे झेंडे. दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी गाड्या भरून गेल्या. माझ्याबरोबर आया म्हणून काम केलेली मैत्रीण गेली होती. रात्री सोनं द्यायला आली. बौद्ध आहे, पण पानं द्यायला येतेच. तिला तक्ता दाखवला. वाचून म्हणाली, "माझं नाव टाकलं का याच्यात?"

"नाही."

"टाकू नको. बाबासाहेबांसोबत माझा बाप छपन्न साली गेला, तेव्हा त्याले कोणी हात धरून नेलं नव्हतं. वाचून, ऐकून, विचार करून गेला." मग एकदम, "मले एक सांग. तुमच्यात पोरीचं लग्न जमवताना जात पाहते की नाही?"

पाहतात, म्हटलं. सगळे नाही, पण पुष्कळ पाहतात. कोणत्या गावचे, आधीचे कोण, हे विचारूनच पुढची बोलणी. ती म्हणाली, "मंग आधी ते मिटवा." आणि चहाला आलं जास्त टाक म्हणून स्वयंपाकघरात आली. येशूबद्दल आमचं बोलणं याच वळणानं होतं. मी तिला शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली आहे, डोंगरावरचं प्रवचन वाचून दाखवलं आहे. तिनं मला बावीस प्रतिज्ञा समजावून दिल्या आहेत. दोघी जागच्या हललो नाही. तरी माझ्या नवऱ्याच्या आजारपणात रात्री जागायला हीच होती.

२० ऑक्टोबर, रविवार

आजींची जखम बंद झाली. शेवटची पट्टी काढली, पाय पुसला, तळव्याला तेल लावायला शिकवलं. मऊ चप्पल मुलानं वर्ध्याहून आणली आहे. आता माझं रोजचं जाणं संपलं. याचीच मी वाट बघत होते.

जखम उघडी असताना आजींनी कितीदा विषय काढला होता, तुमचा देव असा कसा मेला, मेल्यावर उठला म्हणजे काय. मी दरवेळी पाय बरा झाल्यावर सांगते म्हणून टाळलं. आज ओट्यावर बसून त्यांनी स्वतःच आठवण दिली. मग सांगितलं सगळं. क्रूस, कबर, तिसरा दिवस, आणि मला स्वतःला त्याचा काय उपयोग झाला तेही; मुलगा गेला त्या वर्षीचं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमी मानता ते बराबर दिसते. आमचे तुकडोजी महाराजही असंच सांगत, सगळ्याइनं मिळून प्रार्थना करा म्हणून. पण सिस्टर, मी आता या वयात काही बदलत नाही."

"बदला म्हणून सांगितलं नाही आजी. विचारलंत म्हणून सांगितलं."

"ते समजलं मले." मग सुनेला हाक, "कानवले दे सिस्टरले." या वेळी घेतले. उपकाराची फेड म्हणून दिलेलं आजवर टाळत होते. आता माझं काही येणं त्यांच्याकडं उरलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

चकल्या. माझ्या नेहमी तुटतात. आजींच्या सुनेला बोलावलं. तिनं भाजणी हातात घेऊन बघितली, मोहन कमी आहे म्हणाली, कढत तेल ओतलं, तिखट-तीळ चोळले, गरम पाण्यानं भिजवून झाकून ठेवली. सोऱ्या हातात दिला तेव्हा माझा हात धरून फिरवला: "घाई नका करू, तुमीच सांगता ना आम्हाले." एक चकलीही तुटली नाही.

शोमरोनी बाईशी येशूचं बोलणं सुरू झालं ते पाणी मागण्यावरून. तहान त्याला लागली होती, पोहरा तिच्याजवळ होता. परजातीच्या बाईकडं मागून तो तिच्या दारी उभा राहिला, आणि मग पुढचं सगळं बोलणं झालं. आमच्या मंडळ्यांना देणं जमतं: औषध, शाळा, ब्लँकेटं, नाताळचा केक. मागणं जमत नाही. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो आणि खालच्या हाताशी मैत्री होत नाही.

संविधानाच्या पंचविसाव्या कलमानं धर्माचा प्रसार करायचा हक्क दिला आहे; सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये मध्य प्रदेशातल्या स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्यातले पुष्कळ जण या निकालावर अजून नाराज आहेत. माझ्यापुरतं म्हणाल तर बोलायचा हक्क पुरेसा आहे. धर्म बदलायचा की नाही, हे ज्याचं त्यानं आणि देवानं बघावं.

२४ नोव्हेंबर, रविवार

तक्ता कोरा परत दिला. पास्टर रागावले नाहीत, उलट पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो तेव्हा बायकांच्या सभेत थोडं बोला म्हणाले. गाडीत बसल्याबसल्या मुद्दे लिहून काढले, ते असे:

बायांनो, आपला धर्म लपवू नका. गळ्यातला क्रूस पदराखाली घालून मैत्री करायची गरज नाही; शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं. कुणी विचारलं तर आडपडदा न ठेवता, आपल्या बाबतीत जे घडलं तेवढंच सांगा. विचारलं नाही तर थांबा, महिने लागले तरी. आजारी माणसाला, कर्जात बुडालेल्याला, पोर गमावलेल्या आईला मदत करा आणि तोंड बंद ठेवा. ती माणसं उभी राहिली की मग बोलायला वेळ आहे. त्यांच्या सणाला बोलावलं तर जा. काय खायचं, काय नाही, ते आपापल्या विवेकानं ठरवा, पण 'नाही' म्हणताना नाक मुरडू नका. जातीचा प्रश्न कुणी तोंडावर विचारला तर खोटं बोलू नका. आणि यंदा केक वाटायला निघण्याआधी शेजारणीच्या दारात जा आणि काहीतरी मागा. भाजणी, मुरवण, सोऱ्या, नातवाच्या अभ्यासाला मदत, काहीही, ज्याची तुम्हाला खरंच गरज आहे असं.